आगबोटीचे दुसरे धुराडे

सत्तरी ओलांडेपर्यंत मी शाळेतील शेरे आणि एका सहकारी संस्थेची इतिवृत्ते यांखेरीज काही लिहिलेले नाही. इतिवृत्तात लिहिणाऱ्याने स्वतःचे मत घालायचे नसते. ही सोय माझ्या स्वभावाला मानवणारी होती. पुढील हकिकतीत माझा एक दोष आहे आणि तो कोणत्याही इतिवृत्तात आलेला नाही, म्हणून हे लिहावे लागत आहे.

आमची वस्ती शिरूर कासारपासून चालत दीड तासावर. मी सात-आठ वर्षांचा असताना वस्तीने बुद्धाचा धम्म स्वीकारला आणि त्यानंतर मुलांनी शिकायचे असे ठरले. ठरल्याप्रमाणे मी शिकलो. औरंगाबादेस इतिहास घेऊन एम. ए. झालो आणि शिरूरच्या शाळेत लागलो. वस्तीतील भूमिहीन कुटुंबांनी सामुदायिक शेतीची सहकारी संस्था काढली, तेव्हा मानद सचिव कोण, हा प्रश्नच उद्भवला नाही. संस्थेपाशी शिक्का, इतिवृत्ताची वही आणि चेअरमन एवढे होते. शेती मिळायची होती.

गावाच्या उगवतीला सरकारी पडीक माळ होता. तो संस्थेला मिळावा असा आमचा अर्ज तहसील कचेरीत होता. कचेरीने तो फेटाळलाही नव्हता. बहात्तरचा दुष्काळ पडला त्या वर्षी मी पुन्हा चौकशीस गेलो असता तेथील कारकुनाने सांगितले, की संस्थेत एखादा माजी सैनिक असल्यास अर्ज वरच्या बाजूस ठेवता येईल. मात्र तो सैनिक असल्याचा कागद हवा.

आमच्या वस्तीत असा माणूस एकच होता. त्यांना सगळे फौजीबाबा म्हणत. कागद मात्र त्यांच्यापाशी नव्हता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाबा नगरला चालत जाऊन पलटणीत भरती झाले होते. तेथून मुंबई आणि मुंबईहून आगबोटीने बसरा. परत आल्यावर त्यांनी फौजेचे सर्व कागद कथलाच्या डब्यात घातले आणि डबा पेवात, म्हणजे ज्वारी साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, ठेवला. निजामी राजवटीचे शेवटचे दिवस होते आणि घरात इंग्रजांचे कागद ठेवणे त्यांना बरे वाटेना. वस्तीत मौल्यवान वस्तू ठेवायची याहून सुरक्षित जागा कोणालाच सुचली नसती. पुढच्याच वर्षी अतोनात पाऊस होऊन पेवात पाणी शिरले. आमच्या भागात पाण्याने नुकसान झाल्याची मला ठाऊक असलेली ही एकमेव घटना होय.

बाबांना आपला फौजेतील क्रमांक पाठ होता. मी तो सैनिकांच्या कचेरीस कळवला. उत्तर आले, की या क्रमांकाचा शिपाई होता हे खरे. परंतु अर्जदार तोच इसम कशावरून? त्याने आपल्या नोकरीची, विशेषतः ज्या जहाजातून तो गेला त्या जहाजाची, हकिकत निवेदन करून सही करून पाठवावी.

जहाजाची हकिकत हा वस्तीत जुना आणि लोकप्रिय विषय होता. बाबा ती सांगत आणि लोक हसत. समुद्र कसा असतो, असे कोणी विचारले की बाबा म्हणत, "कपिलधारचा धबधबा आडवा करून ठिवल्यावानी."

"आन् पेता येतं का?"

"न्हाई. खारट."

"मंग आपला दुस्काळच बरा की, बाबा. निदान बुडत तर न्हाई."

पण खरा हशा याच्या पुढे होता. तो मला ठाऊक असल्यामुळे बाबांच्या ओट्यावर लेखणी घेऊन बसलो तेव्हा मी थोडा धास्तावलो होतो.

"लिही, मास्तर," बाबा म्हणाले. मला ते जन्मापासून ओळखत असल्याने अरेतुरे करीत आणि मी शिकलेला असल्याने मास्तर म्हणत. "आगबोटीला दोन धुराडी व्हती. एकातनं धूर निघायचा. दुसऱ्यात कांदे व्हते."

मी लेखणी थांबवली. "बाबा, धुराड्यात कांदे कसे असतील?"

"ते म्या कसं सांगू? ठिवणारा मी न्हवतो. मी निवडायला व्हतो."

बोट सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावर बाबांना ओकाऱ्या सुरू झाल्या. हवालदाराने त्यांना उघड्या हवेवर काढले आणि रिकामे बसू नये म्हणून कांदे निवडायला लावले. धुराड्याला खाली लोखंडी दार होते. आत चार माणसे पाय पसरून बसत. चांगला कांदा पोत्यात आणि सडका समुद्रात. बसऱ्यापर्यंत त्यांनी हेच केले.

"युद्धात आणखी काही केलेत का?" मी विचारले.

"त्या म्होरं रस्ता केला. पर तू जहाजाचं इचारलं."

मी सर्व लिहून घेतले. पण पाठवले नाही. मी इतिहासाचा विद्यार्थी होतो आणि एकाच साक्षीवर विसंबू नये असे मला शिकवले गेले होते. आगबोटीचे नाव बाबांना क्रमांकासारखेच पाठ होते. ती ज्या कंपनीची होती, तिच्या मुंबईच्या कचेरीला मी सविनय पत्र लिहिले. महिन्याभरात इंग्रजीत छापलेले एक माहितीपत्रक आले. खेड्यातल्या एखाद्या शिक्षकाला इतक्या दूरवरून कोणी काही पाठवील अशी माझी अपेक्षा नव्हती. ते मी इतक्या वेळा वाचले की अजून बरेचसे आठवते.

ती आगबोट स्कॉटलंडमधील एका नदीकाठी बांधली गेली. उतारू आणि माल दोन्ही वाहून न्यायचे, असा तिचा धंदा. वरच्या मजल्यावर पाटीवर नाव असलेल्या खोल्यांतून साहेब, उघड्या डेकवर आपापल्या वळकट्या पसरून बाकीचे आणि पोटात कापड, खजूर, लवंगा व चहा. मुंबई ते आफ्रिकेचा किनारा अशी तिची फेरी होती. युद्ध सुरू होताच सरकारने ती ताब्यात घेतली, तिला करडा रंग दिला, मालाच्या कोठारांत झोळ्या टांगण्यासाठी आकडे ठोकले आणि जिथे लवंगा ठेवत तिथे शिपाई ठेवले. ती सैन्य घेऊन बसरा, सुएझ अशी हिंडली. तिच्यावर हल्ला झाल्याचा उल्लेख नाही. शत्रूने तिच्याकडे विशेष लक्ष दिले नसावे. युद्धानंतर तिची मोठी दुरुस्ती झाली, ती पुन्हा उतारू आणि लवंगा नेऊ लागली आणि अलीकडेच मोडीत निघाली.

शेवटी एक छायाचित्र होते. आगबोटीला धुराडे एकच होते.

मी ते भिंग लावूनही पाहिले. मग बाबांचे निवेदन स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून काढले आणि लिहिताना त्यात दोन सुधारणा केल्या. दोन धुराड्यांचे एक केले. आणि कांद्यांच्या जागी 'अर्जदार स्वयंपाकाच्या साहित्याच्या देखरेखीवर होता' असे वाक्य घातले. आमच्या माणसाला कचेरीने हसू नये, असे मला वाटत होते. मला हसू नये असेही वाटत होते. बाबांना मी निवेदन वाचून दाखवले. ती दोन वाक्ये वाचली नाहीत. त्यांनी पलटणीत शिकलेली सही केली.

उत्तर आमच्या वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी आले.

त्या वर्षी बहुतेक सभासद दुष्काळी कामावर खडी फोडत होते, त्यामुळे सभा जेवणाच्या सुट्टीत खडीच्या ढिगाशेजारीच बोलावली होती. चेअरमन एरवी ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्याकडे जात. त्या साली ऊसच बेताचा असल्याने ते हजर होते. पण काही कुटुंबे तरीही गेली होती. गणपूर्ती झाली नाही. नियमाप्रमाणे गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करायची आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरवायची. मग गणपूर्तीची गरज नसते. आम्ही सगळे त्याच दगडांवर अर्धा तास बसून सभा तहकूब असल्याचे पाळले. कोणी संस्थेविषयी बोलू लागल्यास चेअरमन त्याला गप्प करीत. कामावर खायला मिळणारी सुकडी तेवढी खाऊन झाली.

पाण्याच्या टँकरचे इंजिन दुरुस्त करायला शिरूरचे मिस्त्री आले होते. ते सभासद नव्हते. सावली आमच्याकडे होती म्हणून ते आमच्यात बसले.

सभा भरल्यावर मला पत्र वाचावे लागले. कचेरीने लिहिले होते, की निवेदनातील जहाजाचे वर्णन युद्धानंतरच्या काळातील आहे. युद्धकाळात या जहाजास दोन धुराडी होती. अर्जदाराने प्रत्यक्ष प्रवास केला असता तर ही गोष्ट त्याच्या ध्यानात राहिली असती. त्यास काही सांगावयाचे असल्यास त्याने अमुक दिवशी बीड येथे समक्ष हजर राहावे. अन्यथा प्रकरण बंद करण्यात येईल.

मी पत्राची घडी घातली.

"मास्तर," बाबा म्हणाले, "येक धुराडं कुनी सांगितलं?"

मी छायाचित्राचे सांगितले. मग त्या दोन वाक्यांचेही सांगितले. माझा आवाज लहान असल्याने चेअरमनना ते मोठ्याने पुन्हा सांगावे लागले, त्यामुळे ते सर्वांनी दोनदा ऐकले.

"तुमी शिकलेले," बाबा म्हणाले. मला त्यांनी आयुष्यात प्रथमच तुमी म्हटले. "तुमी फोटू पायला. मी निसता बोटीत बसलो व्हतो."

"आन् कांदे?" कोणीतरी विचारले. "कांदे लिवले का न्हाई?"

"नाही," मी म्हणालो.

"कावून?"

मिस्त्रींनी हात पुसत माझी बाजू घेतली, ती मला नको होती. "अरे, कैसे लिखते? चिमनीत कांदे? पंचवीस साल इंजिनं खोलतोय मी. सायलेन्सरमधी बटाटे निकले नै आजतक. चाचा, तुमी धुरात बसून कांदे निवडले आन् जिंदा आले?"

"धूर पहिल्यातनं यायचा."

"मंग ह्या चिमनीचा काम काय?"

"कांदे."

नेहमीचा हशा झाला. तो ओसरल्यावर चेअरमन उभे राहिले. बाबांना सर्वांत जास्त हसणारे तेच. होळीला ते गळ्यात कांद्यांची माळ घालून बाबांची नक्कल करीत. "हसायचं बास," ते म्हणाले. "जमीन पायजे का न्हाई?"

पायजे, असे सर्व म्हणाले.

"मंग कांदे व्हते. ठराव घ्या, मास्तर."

ठराव माझ्याच अक्षरात आहे: 'युद्धकाळी सदर आगबोटीस दोन धुराडी होती व त्यांपैकी दुसऱ्यात कांदे ठेवले जात, ही माहिती सभेस खरी वाटत असून सभा ती मान्य करीत आहे.' सूचक चेअरमन. सर्वांनी हात वर केले. मिस्त्रींनीही केला, तो मोजला नाही. ठराव सर्वानुमते मंजूर, असे मी लिहिले. वास्तविक मीही सभासद होतो आणि मी हात वर केला नव्हता. माझा हात वहीवर होता.

बाबांचाही खालीच होता. "हात वर केल्यानं कांदे व्हते व्हय रे?" ते म्हणाले. "उद्या जमीन न्हाई मिळाली तर न्हवते म्हनाल." आणि ते उठून खडी फोडायला गेले.

बीडला मी त्यांच्याबरोबर गेलो. या म्हणून त्यांनी म्हटले नाही. एस.टी.त आम्ही शेजारी बसलो आणि ते खिडकीतून बाहेर पाहत राहिले, जिथे पाहण्यासारखे त्या वर्षी काही नव्हते. माझ्या पिशवीत ठरावाची नक्कल होती. सैनिकांच्या कचेरीत मिशा रंगवलेले एक वयस्क अधिकारी टेबलाशी बसले होते. ठरावाची नक्कल त्यांनी वाचली, पुन्हा वाचली आणि घडी घालून बाजूस ठेवली.

"सहकारी संस्थेने जहाजाविषयी ठराव केल्याचे मी प्रथमच पाहतो," ते म्हणाले.

त्यांनी क्रमांक विचारला. बाबा ताठ उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि क्रमांक इतक्या मोठ्याने म्हणाले की शेजारच्या खोलीतील टंकलेखन थांबले.

"जहाजाला धुराडी किती?"

साहेबांनी पुन्हा विचारले.

"मास्तरांना इचारा, साहेब," बाबा समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाले. "कागद त्यांनी लिवलाय."

मला परक्या माणसापुढे बोलताना घाम फुटतो. तो फुटला. पण प्रकरण बंद व्हायला साहेबांनी फक्त फाइल मिटायची बाकी होती, आणि ती मिटली असती तर माळ गेला असता; शिवाय बाबा मरेपर्यंत खोटे ठरले असते, तेही माझ्या अक्षरात.

"साहेब," मी म्हणालो, "यांनी दोनच सांगितली होती. एक मी लिहिले. मी छापील कागदावर विश्वास ठेवला, यांच्यावर नाही ठेवला."

"आणि दुसऱ्या धुराड्यात काय होते?"

"कांदे," मी म्हणालो. वस्तीबाहेर हा शब्द या अर्थाने उच्चारण्याची ती माझी पहिलीच वेळ.

साहेबांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते बाबांना म्हणाले, "आणि बटाटे?"

"बटाटे न्हवते, साहेब. बटाटे गोऱ्यांच्या मुदपाकखान्यात, खाली. आपल्याला निसते कांदे."

"बरोबर," साहेब म्हणाले. "बटाटे मला एकदाही मिळाले नाहीत."

ते त्याच बोटीतून दुसऱ्या एका फेरीस गेले होते, तेव्हा ते फौजेत कारकून होते. त्यांनी कागदावर सही करता करता सांगितले, की दुसरे धुराडे मुळात शोभेचे. दोन धुराडी दिसली की बोट दणकट आहे असे उतारूंना वाटे, म्हणून कंपनीने ते लावले होते. ते आतून पोकळ आणि वारे खेळते, तेव्हा युद्धात त्याचे कोठार झाले. युद्धानंतरच्या दुरुस्तीत कापून टाकले. मी माहितीपत्रक पुढे केले. त्यांनी छायाचित्र पाहिले आणि म्हणाले, "हो, ही तीच. पण ही नाही."

परतीच्या गाडीत आम्ही पुन्हा शेजारी बसलो. मी एक गोष्ट अजून सांगितली नव्हती, आणि न सांगण्याचा परिणाम मी नुकताच पाहिला होता. म्हणून शिरूर जवळ आल्यावर म्हणालो, "बाबा, ती आगबोट मोडीत निघाली. कागदात लिहिले आहे."

बाबांनी माझ्याकडे तोंड वळवले.

"दुसरं धुराडं तर आदीच काढलं व्हतं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "लोखंड चांगलं व्हतं तिचं, मास्तर. तू पायला पायजे व्हती." मी पुन्हा एकेरीत आलो होतो.

माळ संस्थेला मिळाला. त्यात दगड पुष्कळ होते. खडी फोडण्याचा सराव वाया गेला नाही. विहीर कोठे आणि केवढी खणावी यासाठी सभा माळावरच बोलावली. या सभेला गणपूर्ती होती. कोणी म्हणाले पंधरा हात, कोणी म्हणाले दहा. बाबा उठले, मधोमध एक खुंटी ठोकली, दोरी बांधली आणि काठीने जमिनीवर वर्तुळ काढत एक फेरी पूर्ण केली. सहकारी संस्थेच्या कामात इतक्या शांतपणे कोणी काही केलेले मी पाहिले नाही.

"एवढं धुराडं व्हतं," ते म्हणाले.

चेअरमन वर्तुळात जाऊन बसले आणि त्यांनी पाय पसरले. आणखी तिघे बसले. त्यांचे पाय मधोमध आले आणि कोणाचेही दुसऱ्याला लागले नाहीत. विहिरीवर इंजिन बसवायच्या जागेची पाहणी करायला आलेले मिस्त्री कडेला उभे राहून बराच वेळ पाहत होते.

"चाचा," ते शेवटी म्हणाले, "इस्में इंजिन रखू, के कांदे?"

हशा झाला. या वेळी बाबाही हसले.

विहिरीला हे माप पुरे नाही, असे ओव्हरसीयरने नंतर कळवले, आणि विहीर त्याच्या मापाने झाली. तिला पाणी लागले, फार नाही. पण त्या दिवशी चेअरमननी विचारले, की विहीर फौजीबाबांनी काढलेल्या मापाने खणावी, हे सभेस मान्य आहे काय. मी वही दगडावर ठेवली, वाऱ्याने पाने उडू नयेत म्हणून तिच्यावर लेखणी ठेवली आणि हात वर केला.